आधी अर्थिंग, मग आवाज



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अकरावीच्या दोन विद्यार्थ्यांनी एक प्रस्ताव दिला आहे. घरच्या स्टीरिओसाठी ‘पॉवर कंडिशनर’ स्वतः तयार करायचा. म्हणजे सॉकेटमधून येणारी वीज गाळून मगच अ‍ॅम्प्लिफायरला द्यायची. बाजारात असे डबे महाग मिळतात, सुटे भाग आणले तर काम स्वस्तात होते, असे त्यांचे म्हणणे. या प्रस्तावावर शिक्षक-कक्षात दोन तट पडले. एक म्हणाले, मुलांनी २३० व्होल्टशी खेळू नये, अर्ज फेटाळा. दुसरे म्हणाले, मुले हाताने काही करू पाहताहेत, त्यांना अडवू नका. आमचे मत आम्ही येथे मांडतो, कारण हा प्रश्न त्या दोन मुलांपुरता नाही.

प्रथम दुखणे काय ते पाहू. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत गाणे ऐकण्याची आवड जुनी आहे. उस्ताद अमीर खाँ याच शहराचे, कुमारजी शेजारच्या देवासचे. खाँसाहेबांचा अतिविलंबित ख्याल लावावा आणि दोन स्वरांमधल्या शांततेत स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ ऐकू यावे, फ्रिज सुरू होताच ‘टक्’ व्हावे, हे कोणाला आवडेल? आपली वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करते. त्या ५० हर्ट्झची, किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या रेक्टिफायरमधून निघालेल्या १०० हर्ट्झची, ती घुंघुं असते. शिवाय मोबाइलचे चार्जर, स्वस्त एलईडी दिवे, इन्व्हर्टर हे सगळे तारांमध्ये आपापली खरखर सोडत असतात.

आता औषध. या डब्यात गूढ असे काही नाही. आधी फ्यूज. मग व्हॅरिस्टर, जो व्होल्टेज अचानक उसळले तर ती उसळी स्वतःवर घेतो. मग एकाच गाभ्यावर दोन वेढे दिलेला चोक. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एक्स वर्गाचा कंडेन्सर, आणि या दोन्ही तारांपासून अर्थिंगपर्यंत वाय वर्गाचे दोन लहान कंडेन्सर. एक्स कंडेन्सरला समांतर एक रेझिस्टर हवाच, नाहीतर प्लग काढल्यावरही पिनांना हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. ०.४७ मायक्रोफॅरडला ४७० किलोओहम जोडला तर कालांक साधारण ०.२२ सेकंद येतो, म्हणजे एक-दीड सेकंदात साठा उतरतो. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात जे फळ्यावर शिकवतो, ते सगळे या डब्यात हाताला लागते. म्हणून अर्ज फेटाळणे आम्हाला मान्य नाही.

पण खरा धोका पुढे आहे, आणि तो पालकांनी लक्ष देऊन वाचावा.

वाय कंडेन्सर अर्थिंगला जोडलेले असतात. घरात अर्थिंग असेल तर त्यांतून जाणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो, ४.७ नॅनोफॅरडच्या कंडेन्सरमधून तो सुमारे ०.३४ मिलिअँपिअर असतो. पण अर्थिंग नसेल, किंवा सॉकेटला तिसरे भोक असून आत तारच जोडलेली नसेल, तर? तर ते दोन कंडेन्सर पत्र्याच्या डब्याला निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, लटकवून ठेवतात. हात लावला की झिणझिण्या येतात. त्या झिणझिण्यांनी माणूस दगावत नाही. पण त्यांचा अर्थ असा की जमिनीकडे जाणारी वाट बंद आहे. उद्या आतली फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडणार नाही आणि डबा पूर्ण २३० व्होल्टवर वाट पाहत राहील. अर्थिंग नसलेल्या घरात हा डबा आवाज सुधारण्याआधी एक नवे संकट आणतो.

याहून वाईट एक सवय आहे. घुंघुं थांबत नाही म्हटल्यावर कोणी जाणता सल्ला देतो, ‘प्लगची मोठी पिन काढून टाका, आवाज बंद होईल.’ कित्येकदा होतोही. टीव्हीची केबल, संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांना जोडले की अर्थिंगच्या दोन वाटा मिळून एक वेढा तयार होतो आणि त्या वेढ्यातून घुंघुं शिरते. पिन काढली की वेढा तुटतो. पण वेढ्याबरोबर माणसाचे संरक्षणही तुटते. ती पिन लांब आणि जाड केली आहे ती यासाठीच, की सर्वांत आधी अर्थिंग जोडले जावे आणि सर्वांत शेवटी सुटावे. सर्व साधने एकाच बोर्डावर घेतली तर बहुतेक वेळा हे काम पिन न काढताही होते.

आम्ही शिकलो हिंदी माध्यमातून. आमच्या पुस्तकात न्यूट्रलला ‘उदासीन तार’ म्हणत. नाव उदासीन असले तरी तिच्याशी सलगी करू नये, कारण ती कुठे तुटली तर तीही अंगावर येते. अर्थिंगची तार मात्र खरोखरच शांत असते, वर्षानुवर्षे काहीच करत नाही. म्हणूनच घर बांधताना लोक पहिली काटकसर तिच्यातच करतात.

आणखी एक गोष्ट. या डब्याने आवाज खरेच सुधारतो का? चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कंडेन्सर असतातच, बरीचशी गाळणी तिथेच होते. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर हवा. हा डबा ते काम करत नाही. स्वतः खपून केलेली वस्तू गोडच वाटते, म्हणून परीक्षा कानाने पण डोळे झाकून घ्यावी. एकाने नाणे उडवून डबा जोडावा किंवा काढावा, दुसऱ्याने न पाहता सांगावे. दहापैकी नऊ किंवा अधिक वेळा उत्तर निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे जेमतेम एक टक्का. इतके गुण मिळाले तर डबा पास. सहा-सात मिळाले तर तसे तक्त्यावर लिहावे. ‘फरक आढळला नाही’ हाही निष्कर्षच आहे, आणि आमच्या मते प्रदर्शनात त्याला तितकेच गुण मिळायला हवेत.

तेव्हा आमचा निर्णय असा. प्रस्ताव मंजूर, पण अटींसह. डब्याची जोडणी प्लग न लावता प्रयोगशाळेत होईल. विद्यार्थी तपासणी करतील ती १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर. २३० व्होल्ट जोडायचे काम परवानाधारक वायरमन करील, आणि तेही अर्थिंग मोजल्यानंतर. कंडेन्सर एक्स आणि वाय वर्गाचेच असतील. साधे लावले आणि त्यांतला एक आतून शॉर्ट झाला तर डबाच फेज होतो.

विश्वस्तांना विनंती की प्रयोगशाळेच्या प्रत्येक टेबलासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मंजूर करावा. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत एवढा फरक पडला की तो वीज तोडतो. तो अर्थिंगची जागा घेत नाही, आणि एका हातात फेज व दुसऱ्यात न्यूट्रल धरणाऱ्याला वाचवत नाही; तरी तो असलाच पाहिजे. शाळेची अर्थिंगही याच निमित्ताने मोजून घ्यावी, कारण आपण पालकांना जे सांगतो ते आपल्याकडे आधी असावे.

आणि पालकांना एवढेच, की या रविवारी वायरमनला बोलवा. स्टीरिओ असो वा नसो. कूलर, गीझर, धुण्याचे यंत्र तर आहेच. अर्थिंग मोजून घ्या, आणि मुलाला शेजारी उभे करून ते काम पाहू द्या.