नातवंडाची बालवाडी, आजीआजोबांची सकाळ

भाताच्या आवणीचे दिवस आले की घोडेगावच्या पश्चिमेकडील वाड्यावस्त्यांवरील कर्ती माणसे सकाळीच खाचरांत उतरतात. नातवंडाला अंगणवाडीत पोहोचविण्याचे काम मग आजीआजोबांकडे येते. शहरातही आईवडील नोकरीला गेल्यावर हेच घडते. दुपारी मूल परतले की आपला प्रश्न ठरलेला असतो, ‘आज काय लिहिलेस?’ हा प्रश्न या वयाला लागू पडत नाही. का, ते बालवाडीचा दिनक्रम पाहिल्यावर ध्यानात येते.

मूल आल्यावर त्याची नखे, केस व हात पाहिले जातात. प्रार्थना आणि बडबडगीतानंतर मुक्त खेळ, गप्पा, गोष्ट, मणी ओवणे, मातीकाम अशी कामे चालतात. मध्ये नाश्ता आणि पुढे हात धुऊन गरम ताजा आहार. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीच्या आहारातून रोज किती उष्मांक व प्रथिने मिळावीत, याचे शासकीय प्रमाण ठरलेले आहे. मुलाचे वजनही वेळोवेळी नोंदविले जाते. ते वाढते आहे ना, हे सेविकाताईंना अवश्य विचारावे.

या दिनक्रमामागे जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. स्वच्छता, खेळ व गाणी हेच तेथील शिक्षण होते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला.

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांचे लहान स्नायू अद्याप पक्के झालेले नसतात. माती मळताना, मणी ओवताना ते बळकट होतात आणि लेखणी धरण्याची तयारी आपोआप होते. घरी वालाच्या शेंगा सोलताना नातवंडाला शेजारी बसवावे. मात्र दाणे नाकातोंडात जाणार नाहीत, यावर लक्ष असू द्यावे. आणि विचारावे, ‘आज कोणाबरोबर खेळलास? काय खाल्लेस?’

प्रारंभीचे काही दिवस मूल रडते. अशा वेळी नजर चुकवून निघून जाऊ नये. ‘जेवण झाले की मी घ्यायला येईन,’ असे सांगावे आणि त्याच वेळी यावे. दिलेला शब्द पाळला जातो, हा अनुभव आला की त्याचे रडणे हळूहळू थांबते.

शेवटी आपल्याविषयी. नातवंड बालवाडीत असतानाचे तीन-चार तास घरकामात संपवू नयेत. औषध वेळेवर घ्यावे, थोडे चालावे, थोडे पडावे. परतताना थकलेल्या मुलाला कडेवर घेण्याचा मोह होतो. गुडघे वा कंबर दुखत असल्यास त्याचे बोट धरून, वाटेत थांबत यावे. त्रास अंगावर काढू नये. घरच्यांना स्पष्ट सांगावे आणि आठवड्यातील एखादा दिवस दुसऱ्या कोणाकडे सोपवावा. सांभाळणारा धडधाकट राहिला, तरच मुलाची बालवाडी अखंड सुरू राहते.