लायसन कोनाच्या नावावर हाय?

वऱ्हाडातल्या माणसाला स्वतःची जन्मतारीख एकवेळ नीट सांगता येणार नाही, पण सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे ते झोपेतही सांगता येतं. गाव नमुना सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पीक, आणि हात बदलला की सहा नंबरात फेरफार. मालक कोण, वाहतो कोण, ताबा कोणाचा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही कळतं. भावाभावात त्यावरून कोर्टकचेऱ्या होतात त्या काही उगाच नाहीत.

पण त्याच घरातल्या दुकानात जाऊन विचारा, की काका, हे समोरचं सॉफ्टवेअर कोणाच्या नावावर आहे? हमखास उत्तर येतं, "कोनाच्या म्हंजे? माह्याच. पैसे म्याच देल्ले ना!"

आणि इथेच गंमत आहे. पैसे कोणी दिले हे त्या पोर्टलला माहीतच नसतं. त्याला एक ईमेल माहीत असतो, एक मोबाइल नंबर माहीत असतो, आणि एका यंत्राची ओळख माहीत असते. बस. संगणक तुमचा, बिल तुमच्या नावाचं, टेबल तुमचं, टेबलावरची धूळसुद्धा तुमचीच. मालक मात्र तो, ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो.

मी राजापेठ आणि आजूबाजूच्या भागात संगणक बसवण्या-दुरुस्त करण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे. हार्ड डिस्क गेली, पॉवर सप्लाय जळला, प्रिंटर अडकला, यावर उपाय असतो. अलीकडे मात्र यंत्र अर्ध्या तासात सुरू होतं आणि काम चार-आठ दिवस अडून राहतं. कारण यंत्र नवं आणि लायसन जुन्या, मेलेल्या यंत्रात अडकलेलं.

पूर्वी असं नव्हतं. म्हणजे अडचणी होत्या, पण त्या डोळ्यांना दिसायच्या. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर असायचं, त्याचं एक लॉक यायचं, अंगठ्याएवढं. आधी ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लागायचं, पुढे यूएसबीचं आलं. लॉक ज्याच्या खिशात, सॉफ्टवेअर त्याचं. इतका साधा कायदा! भागीदारी मोडली की दोघं त्या लॉकवरून भांडायचे. काही जण लक्ष्मीपूजनाला चोपड्यांशेजारी ते लॉकही ठेवायचे, आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ते हरवलं तर मात्र मोठी पंचाईत, हेही खरं. पण हरवलं म्हणजे शोधता तरी येतं, कपाटामागे, सोफ्याखाली. ईमेल कुठे शोधणार?

मग लॉक गेलं आणि ॲक्टिव्हेशन आलं. २००१ साली विंडोज एक्सपी आलं तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं, की संगणकाचे सुटे भाग बदलले तर सॉफ्टवेअर "तुम्ही कोण?" असं विचारू शकतं. आज विंडोजचं यंत्रासोबत येणारं लायसन त्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, बोर्ड गेला की तेही गेलं. वेगळं विकत घेतलेलं असेल तर दुसऱ्या यंत्रावर नेता येतं. दुकानात दोन्हींचा भाव ऐकून जो स्वस्त त्यावर बोट ठेवलं जातं, फरक कोणी विचारत नाही आणि विकणाराही सांगत नाही. हिशेबाच्या टॅलीचं लायसन एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचं तर आधी जुन्यावर ते 'सरेंडर' करायचं असतं. शब्द छान आहे. आधी शरण या, मग दुसरीकडे उभे राहा. पण जो संगणक विजेने जळून गेला तो शरण कसा येणार?

मागे मृगात नेमकं हेच झालं. बडनेऱ्याच्या रस्त्यावरचं एक कृषी केंद्र. पेरणीचे दिवस, बियाण्यांसाठी दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि संध्याकाळी वीज पडली ती संगणक घेऊन गेली. खताची विक्री सरकारी पॉस मशीनवर होते, ते वाचलं. बाकी सगळी उधारी, बियाण्याचा साठा, औषधांची बिलं एका बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. (टॅली नव्हे, दुसरंच; नाव कशाला घ्या.) मालक शहाणे, रोजचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायचे. मी नवा डबा जोडला, सॉफ्टवेअर टाकलं, बॅकअप समोर ठेवला. पडद्यावर आलं, नोंदणीकृत ईमेलवर पाठवलेला अंक टाका.

ईमेल कोणाचा? तीन-चार वर्षांपूर्वी तिथे कामाला असलेल्या पोराचा. त्यानेच हौसेनं सगळं बसवून दिलं होतं. पुढे तो पुण्याला गेला. पोरगा गुणी हो, त्याच्या मावशीकडून नंबर मिळाला, तर पहिल्याच फोनला म्हणाला, "काका, पाठवतो ना." पण तो ईमेल ज्या नंबराला जोडलेला होता ते सिम त्यानं केव्हाच बंद केलं होतं. त्यालाही आत जाता येईना.

मालक डोक्याला हात लावून बसले. "पैसे म्या देल्ले, बिल माह्या नावाचं, डब्बा माह्या दुकानात, अन् लायसन त्या पोट्ट्याच्या नावावर? काऊन बाप्पा?"

पुढे लेटरहेडवर अर्ज, जीएसटीचं प्रमाणपत्र, पॅन, खरेदीचं बिल, त्या पोराचं ना-हरकतीचं पत्र, असं सगळं पाठवून नऊ दिवसांनी लायसन सुटलं. दरम्यान महिन्याची वीस तारीख आली. ३बी भरायचा शेवटचा दिवस. कागदी बिलबुकं आणि बँकेचं पासबुक घेऊन मालकांची मुलगी रात्री अकरापर्यंत बेरजा करत बसली, आणि भरलं एकदाचं. उधारीची वही मात्र बंदच. त्या नऊ दिवसांत किती शेतकरी "मागचे देऊन टाकले ना मी" म्हणून गेले आणि मालकांनी मान डोलावली, ते त्यांनाच ठाऊक. पेन ड्राइव्हमध्ये सगळं होतं. स्वतःचंच लिहिलेलं, पण वाचता येत नव्हतं.

आता कंपनीने लगेच का दिलं नाही, असं मला कोणी विचारलं तर मी कंपनीच्या बाजूने बोलेन. लेटरहेड काय, राजापेठेत दीडशे रुपयांत छापून मिळतं. उद्या एखादा रुसलेला भागीदार असाच अर्ज घेऊन गेला आणि त्यांनी पटकन नाव बदलून दिलं तर? मालकी बदलताना वेळ लागलाच पाहिजे. जमिनीच्या फेरफारातही नोटीस निघते, हरकतीला मुदत असते, ती काही सरकारला वेळ जात नाही म्हणून नव्हे. आणि आपल्या बाजाराने चोरीच्या सीड्यांवर किती वर्षं काढली हेही आठवून पाहावं. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमात, चोरीची प्रत आहे हे जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद सांगितली आहे, हे किती जणांना माहीत होतं?

माझं भांडण वेगळं आहे. मालकी बदलायला वेळ घ्या, पण लायसन अडकलं असताना माणसाला स्वतःचा हिशेब निदान वाचता तरी आला पाहिजे. नवं बिल करू देऊ नका, छपाई बंद ठेवा, वर लाल पट्टी लावा हवी तर. पण जुनं वाचू द्या. सॉफ्टवेअर तुमचं असेल, उधारी माझी आहे. आणि दुसरं, मेलेलं यंत्र बाहेरून सोडवायची सोय मालकाच्या हातात हवी. काही पोर्टलवर ती असते, यंत्रांची यादी दिसते, समोर 'काढा' म्हणून बटण असतं. पण ते बटण दिसायलाही आत शिरावं लागतं, आणि आत शिरायला पुन्हा तो ईमेल. फिरून फिरून भोपळे चौक!

कायद्याने आपण नक्की कोण लागतो, हाही प्रश्नच आहे. २००४ साली टीसीएसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की डब्यात भरून विकलेलं सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, विक्रीकर लागेल. २०२१ साली त्याच न्यायालयाने परदेशी सॉफ्टवेअरच्या आयकराबाबत म्हटलं, की गिऱ्हाइकाला कॉपीराइट मिळत नाही, फक्त वापरायची मुभा मिळते. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असतील, मी वकील नाही. पण कर भरताना आपण माल घेतलेले, आणि हक्क विचारताना वहिवाटदार. विदर्भात कुळांसाठी १९५८ चा कायदा झाला, कसणाऱ्याच्या पायाखाली काहीतरी जमीन आली. सॉफ्टवेअरच्या कुळाला असा कायदा नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली होती, आणि त्यातलं एक जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' होतं. असा विनोद मुद्दाम करायचा म्हटला तर जमणार नाही.

बरं, दोष एकट्या कंपन्यांना देऊन भागत नाही. आपल्याकडे दुकान बायकोच्या नावावर, सही तिची, आणि ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर. डिजिटल सहीचं टोकन तर पाहूच नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४२वं कलम सांगतं, की ती किल्ली स्वतःच्या ताब्यात नीट सांभाळायची जबाबदारी सहीवाल्याची. प्रत्यक्षात सीए किंवा करसल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड लावलेला टोकनांचा गठ्ठा असतो, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी आणि बऱ्याचदा मागे पासवर्डसुद्धा. शेताची कोरी सही केलेली इसारपावती कोणी असा कोणाकडे ठेवील का? सल्लागार बिचारे प्रामाणिक असतात म्हणून चाललंय.

हल्ली मी नवं काही बसवून देताना आधी दुकानाच्या नावाचा वेगळा ईमेल काढायला लावतो, मालकाच्या खिशातल्या नंबरावर, आणि दुसरा नंबर घरातल्याच कोणाचा तरी. पाच मिनिटांचं काम. त्याला जेवढा विरोध होतो तेवढा माझ्या मजुरीलाही होत नाही. "तुह्याच ईमेलवर टाक ना भाऊ, कुठं ध्यानात ठेवू?" मी नाही टाकत. माझ्या ईमेलवर वीस दुकानांची लायसनं असली तर गिऱ्हाईक कायमचं बांधलं जाईल, हे मलाही कळतं. या धंद्यातल्या काहींना ते फारच चांगलं कळतं, असो.

परवा एका विधवा बाईंनी बोलावलं होतं. यजमान गेले, दुकान चालवायचं आहे. बँकेत नॉमिनी होता, विम्याला होता, दुकानाच्या गाळ्यालाही वारसांची नावं लागत होती. गुगलने २०१३ पासून खातं बंद पडल्यावर ते कोणाला द्यायचं ते आधीच लिहून ठेवायची सोय केलेली आहे, पण यजमानांनी ती केलेली नव्हती, इथे कोणीच करत नाही. सॉफ्टवेअरच्या नोंदणीच्या पानावर नाव, पत्ता, पिनकोड, जीएसटी क्रमांक, सगळ्याला रकाना होता. वारसाला नव्हता. बाईंना मी मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती काढून आणायला सांगितल्या.