खून कुणी केला ते कळलं, भांडी कुणी घासली ते सांगा



मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात एक प्रकार घडला. त्या वेळी मी गप बसलो. ते गप बसणं मला टोचतंय, म्हणून हे लिहितोय.

कॉलेजच्या पहिल्या वर्षातली एक पोरगी नवीनच यायला लागली होती. वही काढताना तिच्या पिशवीतून एक जुनी, कव्हर फाटलेली कादंबरी खाली पडली. सुहास शिरवळकरांची, दारा बुलंदची. आपल्यातल्याच एका कार्यकर्त्यानं ती उचलली, सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "बाबासाहेब अठरा अठरा तास वाचायचे, ते हे वाचायचे काय?" सगळे हसले. पोरीनं मान खाली घातली. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आणि त्याच रात्री आमचे हे हसणारे वीर रस्त्यावरच्या दिव्याखाली मोबाईलला माना खुपसून खुनाची मालिका बघत बसले होते. पडद्यावर बघितलं की टाईमपास आणि पुस्तकात वाचलं की पाप, हा न्याय कुठला? मनूचा?

माझं वाचन अशाच पुस्तकांनी सुरू झालंय. माझी आत्या चौथी शिकलेली. दिवसभर लोकांच्या घरची धुणीभांडी करायची आणि रात्री आमच्या खोलीत बाबूराव अर्नाळकर मोठ्यानं वाचायची. झुंजार, काळापहाड, धनंजय. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. गिरणगावात त्या भाड्यानं मिळायच्या, एक पुस्तक चार खोल्यांत फिरायचं. आत्या वाचायला लागली की शेजारच्या बायका दारात येऊन बसायच्या. ज्या बायांना शाळेनं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही त्यांना अर्नाळकरांनी अक्षराची चटक लावली. त्यांचं हे देणं मी नाकारणार नाही. पांढरपेशा समीक्षकांनी अर्नाळकरांना साहित्यात कधी धरलं नाही. आपणही त्यांच्याच पंगतीला बसून नाक मुरडायचं काय?

पण आत्या नुसती वाचायची नाही. बंगल्यात खून झाला, गुप्तहेर आला, दिवाणखान्यात सगळ्यांची झडती झाली की ती मधेच पुस्तक मिटायची आणि म्हणायची, "व्हय रं, एवढ्या कपबशा झाल्या, ह्या घासल्या कुणी? ती बाई कुठं हाय? तिला इचार की, खून कुणी केला ते तिला ठावं असंल."

मराठी रहस्यकथेवरची एवढी खरी टीका मी पुन्हा कुठं वाचली नाही. त्या बंगल्यात नोकर असतो, पण तो दार उघडायला, किंचाळायला आणि पहिल्या प्रकरणात संशय घ्यायला. त्याला आडनाव नसतं, वस्ती नसते, रात्री तो कुठं जातो हे लेखकाला ठाऊक नसतं. चौकीवरचा खरा फौजदार मात्र चोरी झाली की पहिल्यांदा कुठं येतो हे आपल्याला पाठ आहे. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो कायदा गेला, पण पारध्याच्या पालावरची धाड काही थांबली नाही. 'संशयित' हा शब्द काहींच्या बाबतीत पुस्तकातली गंमत असतो आणि काहींच्या बाबतीत जन्मतारखेबरोबर लिहिलेला असतो. पुस्तकातला गुप्तहेर शेवटच्या पानावर खुनी पकडतो आणि समाज पुन्हा सुरळीत चालू लागतो. मुळात तो समाज सुरळीत कुणासाठी होता, एवढाच आत्याचा सवाल होता.

आता प्रेमाच्या कादंबऱ्या. इकडं चवदार तळ्यावर १९२७ ला माणसं पाण्यासाठी डोकी फोडून घेत होती, काळारामाच्या दारात १९३० ला मार खात होती. त्याच काळात ना. सी. फडक्यांचे नायक-नायिका गैरसमजाच्या दुःखानं विव्हळत होते. फडके-खांडेकर वाद घालत बसले, कला कलेसाठी की जीवनासाठी. आमचं जीवन दोघांच्याही हिशोबात नव्हतं. पुढं शिरवळकरांची 'दुनियादारी' आली, १९८२ ला. दोस्ती, कट्टा, प्रेम, फसवणूक. मी ती तीनदा वाचली, रडलोसुद्धा. २०१३ ला पिक्चर निघाला तेव्हा आपल्या वस्तीतली पोरं त्यातले डायलॉग मारत फिरत होती. पण त्या कट्ट्यावर एखादा कांबळे बसला असता तर काय झालं असतं, हे ती कादंबरी सांगत नाही.

या कादंबऱ्यांची एक युक्ती आहे, नीट बघा. प्रेमात अडथळा कशाचा? श्रीमंत-गरिबीचा, किंवा बापाच्या अहंकाराचा, किंवा चुकीच्या हाती पडलेल्या पत्राचा. ही भिंत शेवटी पडते. का पडते? कारण भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच जात राहते. पैसा नंतर मिळतो, बाप नंतर विरघळतो. जी भिंत पडत नाही ती लेखक बांधतच नाही. बाबासाहेबांनी १९३६ ला 'जातिनिर्मूलना'त स्पष्ट सांगितलं की नुसत्या सहभोजनानं जात मरणार नाही, खरा उपाय आंतरजातीय लग्न. म्हणजे प्रेमकथा हा आपल्या चळवळीच्या पोटातला विषय आहे. तो आपण सोडून दिला आणि ज्यांना जात दिसतच नाही त्यांनी तो ताब्यात घेतला.

वास्तवातली प्रेमकथा कशी संपते? नगर जिल्ह्यातलं खर्डा. २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा नितीन आगे. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढा संशय. मारून झाडाला लटकवलेला सापडला. २०१७ च्या नोव्हेंबरात कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फिरले होते. मग पोराला मारलं कुणी? झाडानं? प्रेमकथा आणि रहस्यकथा एकाच फाईलमध्ये आहेत आणि ती फाईल उघडून लिहायला मराठीतल्या एकाही खपाऊ लेखकाचा हात धजावला नाही.

जाता जाता एक आठवण. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' छापून आली. अश्लील म्हणून खटला झाला, तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ ला काकोडकर सुटले. चांगलं झालं. पण बघा, चुंबनावरून या महाराष्ट्रात सात वर्षं कोर्टकचेरी चालते. माणसाला विहिरीवरून हाकलण्याचं वर्णन कुणाला अश्लील वाटलं नाही. किंबहुना ते वर्णन छापूनच यायचं नाही.

अद्भुत कादंबऱ्यांवर मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण सध्या आपल्या पोरांच्या हातात त्याच जास्त दिसतात. अमीश यांची मेलुहावरची कादंबरी २०१० ला इंग्रजीत आली, मग मराठीत. लाखांनी खपली. आपल्याच एका मित्रानं मला ती दिली आणि म्हणाला, "वाच, यात अस्पृश्यतेविरुद्ध आहे." वाचली. मेलुहा नावाचं आदर्श राज्य, रामानं घालून दिलेलं. तिथं 'विकर्म' नावाची माणसं आहेत. गेल्या जन्मीच्या पापामुळं त्यांना शिवायचं नाही, त्यांच्याशी लग्न करायचं नाही, शिवलं तर शुद्धीकरण. आता ही विकर्म बाई कोण? सम्राट दक्षाची लेक सती! राजवाड्यात राहणारी, तलवार चालवणारी. आणि तिची सुटका कशी होते? नीळकंठाचं तिच्यावर मन बसतं, म्हणून तो कायदा मोडतो. प्रेमात पडायला कुणी देव भेटला नसता तर बाई जन्मभर तशीच.

च्यायला! हजारो वर्षं ज्यांनी ते भोगलं त्यांना त्या राज्यात घरच नाही. अस्पृश्यता आहे, पण अस्पृश्य नाहीत. आमचं दुःख उचललं, राजकन्येला नेसवलं आणि पुसायला देव पाठवला. महाडला तळ्यावर गेलेली माणसं कुणाच्या प्रेमाची वाट बघत बसली नव्हती.

आणखी बघा. त्या मेलुहात मुलं जन्मताच आईबापांकडून काढून घेतात, वाढवतात, परीक्षा घेतात आणि गुणांप्रमाणं जात देतात. वाचून आपले काही मित्र खूष झाले, म्हणाले जन्माची जात तर गेली! पण जातीची उतरंड तशीच राहिली की. फक्त वरच्या पायरीवर आता परीक्षेचा शिक्का बसला. चातुर्वर्ण्य जन्मानं नव्हे, गुणकर्मानं, हा आर्यसमाजी युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ लाच फाडून ठेवलाय. तोच पुन्हा कादंबरीचं रंगीत कव्हर घालून आला आणि आपण शिट्ट्या वाजवल्या. त्या राज्यात प्रत्येकाच्या दंडावर जातीचा ताईत आहे. लेखकाला तो शिस्तीचा वाटतो. पेशवाईत आमच्या मनगटात काळा दोरा होता, ओळखू यावं म्हणून. ज्यांच्या मनगटावर तो होता त्यांच्या पणतूनं ताईताचं कौतुक वाचायचं? मेलुहाच्या बंदिस्त गटारांचं, स्नानगृहांचंही मोठं वर्णन आहे. आत्या असती तर म्हणाली असती, "गटारं झ्याक हायती, आत उतरतंय कोन?" २०१३ चा कायदा असून आपली माणसं आजही गटारात गुदमरून मरतात. त्यांना कुणी नीळकंठ म्हणत नाही. विष मात्र तीच पितात.

नारायण धारपांचं तसं नाही. खोटं कशाला बोलू, धारप वाचून रात्री मोरीत जायला मी घाबरलोय. माणूस भीतीचा कारागीर होता. पण समर्थ येतात, मंत्रशक्ती वापरतात, दुष्ट शक्ती पळते, हे वाचताना मला आमचे आजोबा आठवतात. ते येसकर होते. अपरात्री मढ्याची वर्दी घेऊन गावोगाव चालत जायचे, मसणात लाकडं पोचवायचे. लोक ज्या वाटेनं दिवसा जायला भ्यायचे ती वाट त्यांच्या रोजच्या पायाखालची. त्यांना विचारलं, "आजोबा, भूत बघितलं?" म्हणाले, "भुताची भ्या न्हाई वाटली. भ्या वाटायची पाटलाच्या वाड्याम्होरनं जाताना." अशी भयकथा धारपांना सुचणार नव्हती. ती आपल्यालाच लिहावी लागेल. आपण लिहीत का नाही?

लिहीत नाही, कारण आपल्याला एकच खोली दिलीय. १९७८ ला 'बलुतं' आलं, १९८० ला 'उपरा', मग 'अक्करमाशी', 'जिणं आमुचं'. ती पुस्तकं म्हणजे सुरुंग होते. पण प्रस्थापितांनी त्या सुरुंगांनी पडलेल्या खड्ड्याला कुंपण घातलं आणि पाटी लावली, दलितांनी इथंच लिहावं. माझाच अनुभव सांगतो. मी एक रहस्यकथा लिहिली. वस्तीच्या पाण्याच्या टाकीत प्रेत सापडतं आणि शोध लावते एक आशा वर्कर, कारण घराघरात जाणारी तीच. एका प्रकाशकाकडं घेऊन गेलो. त्यानं चहा पाजला, चार पानं चाळली आणि म्हणाला, "छान आहे, पण तुमचं आत्मकथन असेल तर द्या. रहस्यकथा काय, कुणीही लिहील." म्हणजे आमच्या जखमेला बाजार आहे, आमच्या डोक्याला नाही.

आणि आपले लोक? ते म्हणाले, "ह्यात क्रांती कुठाय?" प्रकाशकानं बाहेरून कडी घातली, आपण आतून.

परंपरा नाही म्हणता? जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी'त दशावतार उलटापालटा करून टाकला. मासा, कासव, डुक्कर, वामन, एकेकाचं सोंग फाडून त्यातून बळीचं राज्य उभं केलं. अद्भुताला अद्भुतानं दिलेलं ते उत्तर होतं. अण्णाभाऊंची 'फकिरा' १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. तलवार, दरोडा, दिलेला शब्द, सगळं त्यात आहे, आणि भुकेलेल्या मांगवाड्याचं पोटही आहे. बाबूराव बागूलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ च्या संग्रहातली. तिची रचना बघा. नायकानं काहीतरी लपवलंय, वाचकाला ते ठाऊक आहे, आणि पानापानाला श्वास कोंडतो की आता पकडणार. याला रहस्यकथा नाही तर काय म्हणतात? फरक एवढाच की इथं लपवलेलं प्रेत नाही, जात आहे.

आणि बाबासाहेब! 'हू वेअर द शूद्राज' हे १९४६ चं पुस्तक. नावच प्रश्नाचं. मग १९४८ ला 'द अनटचेबल्स'. एक गुन्हा झालाय, पुरावे नष्ट केलेत, साक्षीदार नाहीत, आणि हा माणूस वेद, स्मृती, प्रवाशांच्या नोंदी, गोमांसाचा प्रश्न, गावकुसाबाहेरच्या वस्तीची जागा, एकेक धागा जुळवत जातो. इतिहासाचे दुवे हरवलेत तिथं कल्पना आणि तर्कानं पूल बांधायचा हक्क त्यांनी प्रस्तावनेत ठणकावून मागितलाय. कल्पनेचा हक्क! आणि आपला कार्यकर्ता बाबासाहेबांचं नाव घेऊन एका पोरीच्या कल्पनेवर हसतो.

पँथर हे नाव १९७२ ला आपण अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्यांच्यातला चेस्टर हाईम्स तुरुंगात लिहायला लागला आणि पुढं त्यानं हार्लेमच्या दोन काळ्या पोलिसांना गुप्तहेर केलं. ऑक्टेव्हिया बटलरनं १९७९ ला 'किंड्रेड' लिहिली. आजच्या काळातली काळी बाई अचानक गुलामगिरीच्या काळातल्या मळ्यावर जाऊन पडते. विचार करा, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारी आपली पोरगी डोळे उघडते तर पेशव्यांचं पुणं, गळ्यात मडकं, कमरेला झाडू. लिहा की कुणीतरी! चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनानं २०२४ ला जातिविरोधी विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढलाय. फुले-आंबेडकरांच्या मराठीत अजून आपण एकमेकांच्या पिशव्या तपासतोय.

येत्या रविवारी मी त्या पोरीच्या घरी चाललोय. पिशवीत बागूल आहेत, 'फकिरा' आहे, आणि आत्याच्या ट्रंकेतला एक अर्नाळकर आहे, शेवटचं पान फाटलेला. खुनी कोण ते तिनंच ठरवावं. ज्यानं तिचं पुस्तक वर धरून दाखवलं होतं तोही येतो म्हणालाय. दहा वाजता नाक्यावर भेटा. उशीर करू नका, तिच्या आईला अकराला कामावर जायचं असतं.