मेगापिक्सेलचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, '१०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा' म्हणून मोबाईलची किंमत वाढवून सांगितली, तर ते जादा पैसे द्यावेत का? आधी कागद-पेन्सिल घ्या.

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. सहा इंच लांब व चार इंच रुंद छायाचित्र छापण्यास दर इंचाला ३०० बिंदू पुरतात. १८०० गुणिले १२०० म्हणजे २१ लाख ६० हजार. अडीच मेगापिक्सेलसुद्धा नाहीत! शिवाय असे अनेक कॅमेरे एरवी शेजारशेजारचे नऊ बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचेच चित्र देतात. कारण बिंदू लहान झाला, की त्याच्या वाट्याला प्रकाशही कमी येतो. चित्र किती चांगले येईल, हे भिंगावर आणि संवेदकाच्या आकारावरही अवलंबून असते.

भिंतीएवढे चित्र छापायचे असेल किंवा चित्राचा छोटा भाग कापून मोठा करायचा असेल, तर जास्त बिंदू जरूर उपयोगी पडतात. एरवी नुसत्या आकड्यापायी घरच्यांच्या कष्टाचे पैसे खर्चू नयेत, असे आमचे मत आहे. त्यापेक्षा बॅटरी बदलून मिळेल का, सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील, हे दुकानदाराला विचारा. शिक्षकांनीही हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.