पाणी प्यालो, पण पाण्यात उतरलो किती?



२० मार्च १९२७. महाड. बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. ही तारीख आपल्या पोरांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. त्याआधी १९२३ ला बोले ठराव झाला होता, १९२४ ला महाडच्या नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. कागदावर. आपण खरोखर प्यालो तेव्हा गावाने शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून १०८ घागरी तळ्यात ओतल्या आणि तळं 'शुद्ध' करून घेतलं. (तोच १०८ आता अॅम्ब्युलन्सचा नंबर आहे, त्याचं काम पुढे येईल.) मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. एका ओंजळीला दहा वर्षं.

हे आपण भाषणात सांगतो, गाण्यात गातो. ठीक आहे. मला त्यापुढचं विचारायचंय. तुमच्या वस्तीतली दहा पोरं भिंतीला लावून उभी करा आणि विचारा, पोहता कुणाला येतं? एखादा हात वर होईल. तोही अर्धा. पोरी तर प्रश्न ऐकूनच हसतील.

हे आपोआप झालेलं नाही. खेड्यात पोर पोहायला शिकतं ते विहिरीत. बाप नाहीतर चुलता पाठीला पत्र्याचा डबा बांधतो, कमरेला दोर बांधतो आणि देतो ढकलून. चार दिवसांत पोर मासोळी होतं. आपल्या आज्याला विहिरीच्या काठाला हात लावायची चोरी होती. कुणी दयाळू वरून घागरीत धार धरील तोवर उन्हात उभं राहायचं. तो पोराला ढकलणार कुठल्या विहिरीत? नदीकाठची काही पोरं शिकली, नाही असं नाही. पण विहीर गेली, तळं गेलं, आणि त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची विद्याही गेली. अक्षर नाकारलं ते आपल्याला कळलं, कारण त्यावर बाबासाहेबांनी आपल्याला जागं केलं. पोहणं नाकारलं ते मात्र अंगात भीती होऊन बसलंय. आपल्या आया म्हणतात, 'पाण्याकडं जाऊ नको रे.' ती भीती आईची वाटते. पेरली कुणी ते बघा.

आणि हे जुनं झालं म्हणणाऱ्यांनी जामनेर तालुक्यातलं वाकडी आठवावं. जून २०१८. विहिरीत पोहले म्हणून मातंगांच्या लहान पोरांना नागवं करून पट्ट्याने मारलं आणि वर त्याचा व्हिडिओ काढला. अजब कायदा आहे साला. गटारात उतरायला आमचाच माणूस लागतो, विहिरीत उतरला की विहीर बाटते.

ज्यांच्याकडून आपण पँथर हे नाव घेतलं, त्यांच्या मुलखातही हेच. शिकागोला २७ जुलै १९१९ ला यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा पोरगा मिशिगन सरोवरात तराफ्यावर तरंगत होता. पाण्यात रेघ थोडीच असते, तो तरंगत गोऱ्यांच्या बाजूला गेला. काठावरून गोऱ्याने दगड मारले, पोरगा बुडून मेला. त्यावरून पेटलेल्या दंगलीत ३८ माणसं गेली. १९६४ ला फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनमध्ये काळी-गोरी पोरं एका मोटेलच्या तरणतलावात उतरली, तर मालकाने पाण्यात अॅसिड ओतलं. तलाव पुढे खुले झाले. पण तिथलं सरकारी आरोग्य खातंच सांगतं की १० ते १४ वयाची काळी पोरं तरणतलावात बुडून मरण्याचं प्रमाण गोऱ्या पोरांच्या सातपटीहून जास्त आहे. पाटी काढली तरी पाटीने केलेलं काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतं.

आपल्याकडे २०२२ साली बुडून मेलेल्यांचा सरकारी आकडा ३८ हजारांवर आहे. त्यात जात लिहीत नाहीत. पण खदानीत साचलेल्या पाण्यात मेच्या उन्हात कोण उतरतं? क्लबच्या निळ्या तलावात कोण उतरतं? मी शहरातल्या एका तरणतलावावर फॉर्म मागायला गेलो. फी ऐकली, माझा आठवड्याचा पगार. शिवाय डॉक्टरचा दाखला. खदानीला फॉर्म लागत नाही. तिचा काठ भिंतीसारखा उभा, पायाखाली एकदम दोन पुरुष पाणी आणि तळाला गाळ.

मी गोदीत काम करतो. दिवसभर पाण्याच्या काठाला उभे राहून ओझी उचलणारी शंभर माणसं, आणि पोहता येणारी बोटावर मोजण्याइतकी. आमच्या टोळीतला एक जण धक्का आणि बार्ज यांच्या फटीत पडला. ओरडला नाही. बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो, खऱ्यात त्याचं तोंड श्वासातच गुंतलेलं असतं. दोघे उडी मारायला निघाले, त्यांनाही पोहता येत नव्हतं. एका कोळी मामाने दोघांना आईवरून शिव्या घालून मागे ओढलं आणि दोर फेकला. पोरगा वाचला. त्याच मामाने नंतर मला दोराला बांधून पोहायला शिकवलं. पहिल्या दिवशी त्याने एवढंच करायला लावलं: उताणा पड, कान पाण्यात बुडव, आभाळ बघ, हलू नको. पाणी माणसाला उचलून धरतं हे मला चोविसाव्या वर्षी कळलं. कवितेच्या दहा वह्या भरल्या होत्या, आणि हे माहीत नव्हतं!

म्हणून म्हणतो, आपलं स्वतःचं पथक काढू. पाण्याचं पथक.

काही कॉम्रेड नाक मुरडतील. हे समाजसेवेचं काम, रोटरीवाल्यांना करू द्या, आपण क्रांती करू. अरे, ओकलंडच्या पँथर्सनी १९६९ ला वस्तीतल्या पोरांना सकाळची न्याहारी सुरू केली, तेव्हा त्यांची क्रांती थांबली होती का? बुडालेलं पोर मोर्चाला येत नाही.

पैसा लागतो हेही खरं नाही. बांगलादेशात खेड्यातल्या तळ्यात बांबूचा मचाण आणि कठडा बांधतात, गावातलीच तरणी माणसं शिकवतात. शिकलेल्या पोराने २५ मीटर पोहायचं, अर्धा मिनिट तरंगायचं आणि काठावरूनच दुसऱ्याला वाचवून दाखवायचं. तेवढं आपल्याला पुरे. चॅम्पियन नकोत. जागतिक आरोग्य संघटना सहा वर्षांवरच्या पोरांना हेच शिकवा म्हणते. पोरींना आधी शिकवायचं. पंजाबी ड्रेसवर शिकवायचं, कारण पडताना माणूस कपडे बदलून पडत नाही. शिकवायला बायाच हव्यात, त्या तयार होईस्तोवर कोळीवाड्यातल्या मावश्यांना हात जोडू.

पोहणं येईपर्यंत वस्तीत निदान एवढं तरी बोंबलून सांगू. बुडणाऱ्यामागे उडी टाकायची नाही. तो गळ्याला मिठी मारतो आणि एकाच्या जागी दोन मढी निघतात. दोर फेका, बांबू द्या, साडी फेका, झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन फेका. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका, गरगरा फिरवू नका. मिठात पुरला की जिवंत होतो हे तर शुद्ध थोतांड. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, परत ३० दाब. थांबायचं नाही. दुसऱ्याने तेवढ्यात १०८ लावायचा.

पहिलं काम ६ डिसेंबरचं. चैत्यभूमीला विदर्भ-मराठवाड्यातून माणूस येतो, शेजारी दादरची चौपाटी. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला असतो. रात्रभराचा प्रवास, डोळे भरून दर्शन, आणि मग पोरं-बाया पाण्यात. भरती कधी, ओहोटी कधी, त्यांना कोण सांगणार? महापालिकेची माणसं असतात, पण आपल्या माणसाला आपल्या बोलीत 'आजी, गुडघ्याच्या पुढं नको' म्हणणारा आपलाच पोरगा हवा. भरतीच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहिलेले फलक, शिट्ट्या, दोर. एवढंच.

आणि लाँचने घारापुरीला जाणाऱ्यांनो, १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळली, १५ माणसं गेली. जॅकेट लाँचमध्ये असून भागत नाही, अंगात लागतं. मागा. नाही म्हणाला तर भांडा, भांडण आपल्याला येतं.

ज्याला पोहता येतं त्याने अंकाच्या पत्त्यावर कार्ड टाकावं, ज्याला येत नाही त्याने तर टाकावंच. गावाकडे विहीर असलेल्याने तिचं पाणी किती, पायऱ्या आहेत का, आणि उतरू देतात का, हे लिहावं. 'उतरू देत नाहीत' असं कार्ड आलं, तर तिथे आपण आधी जाऊ, सगळे मिळून. दोर माझ्याकडे आहे, वीस वाव.