प्रयोगाविना प्रशिक्षण अपुरेच



ऑनलाइन प्रशिक्षणाने शिक्षकांचा वेळ आणि शासनाचा पैसा वाचतो, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे हिशेबापुरते बरोबर आहे. विज्ञान शिक्षकांना मात्र ते पुरत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सुचवते, पण चित्रफीत पाहून सूक्ष्मदर्शक हाताळता येत नाही. १९७२ साली मध्य प्रदेशात १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षक आधी स्वतः प्रयोग करत, चुकत, वाद घालत आणि पुढे मासिक बैठकांत वर्गातल्या अडचणी मांडत. २००२ मध्ये तो बंद झाला म्हणून पद्धतच फसली, असे कोणी म्हणेल. पण तो शासकीय निर्णयाने थांबला. खर्च वाढेल, हे मान्य. तरी निदान निम्मे तास प्रत्यक्ष प्रयोगशाळेत व्हावेत, आणि तालुक्यात दरमहा बैठक हवीच.

— एक वाचक