काम ठरण्याआधी विचारा : पेठेतील रहिवासी, दुकानदार आणि पथारीवाल्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. अध्यक्ष, प्रभाग समिती

महोदय,

आमच्या पेठेत कामे होत नाहीत, अशी आमची तक्रार नाही. कामे होतात. गल्लीचे काँक्रिटीकरण होते, मग जलवाहिनीसाठी तेच काँक्रीट फोडले जाते आणि वर पेव्हर ब्लॉक बसतात. यातले कोणते काम आधी करायचे, हे त्या गल्लीतल्या कोणालाही सांगता आले असते. विचारले कोणी नाही. पुढच्या सगळ्या मागण्या या एका मुद्द्यातून निघाल्या आहेत आणि त्यांपैकी एकीसाठीही नवा कायदा करावा लागत नाही.

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी लागू झाली. 3 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या तेव्हापासून बंधनकारक आहेत. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29अ प्रमाणे या समितीवर प्रभागात काम करणाऱ्या संस्थांचे 3 पर्यंत सदस्य नामनिर्देशित करता येतात. या जागा म्हणजे कार्यकर्त्यांची सोय लावण्याचे ठिकाण नव्हे. 60 दिवसांत जाहीर अर्ज मागवावेत आणि अर्जदारांची नावे त्यांच्या कामाच्या तपशिलासह नेमणुकीपूर्वी 15 दिवस क्षेत्रीय कार्यालयात लावावीत.

क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागाच्या एकेका भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात 2009 साली आली. त्यानंतर 2022 पासून पुढची काही वर्षे राज्यातल्या बहुतेक महापालिकांत प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात गल्लीतला माणूस आपले म्हणणे कुठे मांडणार होता? क्षेत्रसभा दर 6 महिन्यांनी व्हावी. सूचना 15 दिवस आधी निघावी, इतिवृत्त पुढच्या 15 दिवसांत फलकावर लागावे. सभा संध्याकाळी 7 नंतर किंवा रविवारी घ्यावी. कामाच्या दिवशी सकाळी 11 वाजता बैठक ठेवून ‘नागरिक येत नाहीत’ असा शेरा मारण्याची पद्धत आता थांबावी.

शाळेमागचा भूखंड विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखीव आहे. प्रत्यक्षात तिथे राडारोडा आणि भंगार गाड्या आहेत; मुले रस्त्यात लावलेल्या गाड्यांच्या मधून क्रिकेट खेळतात. ही नुसती गैरसोय नाही, यात मुदतीचा धोका आहे. आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 खाली जमीनमालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत जागा संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते. नोटीस मालक आणि महापालिका यांच्यात राहते. ज्यांचे मैदान जाते, त्यांना ते बांधकामाचे पत्रे उभे राहिल्यावर कळते.

मालकावर आमचा रोष नाही. वर्षानुवर्षे अडकलेल्या जमिनीचा मोबदला किंवा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) त्याला वेळेत मिळणे हाही न्यायच आहे. म्हणून प्रभागातील सर्व आरक्षणांची सद्यस्थिती दाखवणारा मराठी तक्ता 90 दिवसांत प्रसिद्ध करावा. कलम 127 ची नोटीस आल्यावर 7 दिवसांत ती फलकावर लावावी आणि संपादनाचे वेळापत्रक 60 दिवसांत जाहीर करावे. संपादन होईपर्यंत, मालकाची लेखी संमती असेल तर, जागा साफ करून खेळासाठी खुली ठेवावी. अशा तात्पुरत्या वापरातून कोणताही हक्क सांगणार नाही, असे हमीपत्र आम्हा रहिवासी, दुकानदार व पथारीवाल्यांचा संघ देईल.

रस्त्यांबाबत मागणी थोडक्यात अशी : पाणी, मलनिःसारण, वीज आणि केबल यांचे एकत्रित खोदाई वेळापत्रक असल्याशिवाय पृष्ठभागाच्या कामाची निविदा काढू नये. नकाशा व अंदाजपत्रक निविदेपूर्वी 21 दिवस पाहण्यास ठेवावे. पदपथावर इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी असावी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. डीपी बॉक्स, जाहिरातीचे खांब आणि दुकानांच्या पायऱ्या यांना हा नियम सारखाच लागू करावा. दुकानदार सभासदांनी हे मान्य केले आहे. सहज केलेले नाही, पण केले आहे.

पदपथ मोकळा करणे म्हणजे पथारीवाल्यांना हुसकावणे, हा अर्थ आम्हाला मान्य नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात. तिच्या सल्ल्याने आमच्या पेठेतील विक्रीच्या जागा आधी आखाव्यात, मगच कारवाई करावी.

पैशाचा प्रश्न निघेल. पुणे महापालिकेने 2006-07 पासून नागरिकांकडून प्रभागातील छोटी कामे मागवून ती अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे हे अशक्य नाही. मात्र नुसता अर्ज भरून घेण्यावर आमचे समाधान होणार नाही. प्रभागाच्या भांडवली तरतुदीतील 5 टक्के रक्कम क्षेत्रसभेने क्रम लावलेल्या कामांसाठी राखावी. नाकारलेल्या प्रत्येक कामाचे लेखी कारण 45 दिवसांत द्यावे. ही वाढीव रक्कम नाही. आहे त्याच तरतुदीतला वाटा आहे.

आमच्या बाजूने आम्ही मैदानाची देखरेख आणि कचऱ्याचे वर्गीकरण यांची जबाबदारी लेखी कराराने घेऊ. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी नव्वदच्या दशकात कचऱ्याबाबत हे करून दाखवले आणि त्यातून परिसर व्यवस्थापनाची योजना उभी राहिली. पण गटार उपसणे आणि दिवे बदलणे ही महापालिकेची कामे आहेत. ती आमच्यावर ढकलण्याला आम्ही सहभाग म्हणणार नाही.

या पत्राचे मुद्देनिहाय लेखी उत्तर 30 दिवसांत मिळावे. अमान्य मुद्द्यांपुढे संबंधित कलम नमूद करावे. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी शाळेच्या पटांगणात संघाची सर्वसाधारण सभा होईल. तिथे आपले उत्तर, किंवा उत्तर न आल्याची नोंद, वाचून दाखवली जाईल. आपल्या प्रतिनिधीसाठी व्यासपीठावर खुर्ची ठेवली आहे.

संघाच्या सर्व सभासदांच्या वतीने,
अध्यक्ष व चिटणीस